भिंगरीची खोली

डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या," तेव्हा भिंगरीच्या आईला आनंद व्हायच्या आधी रागच आला. इतके महिने या माणसांनी पोरीच्या रक्ताचा थेंब न् थेंब तपासला, झोपेतून उठवून तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला, आणि आता हात झटकून मोकळे?

"घरी म्हणजे... आमच्या घरी?" तिनं विचारलं.

"मग काय माझ्या?" डॉक्टर हसले. मग तिचा चेहरा बघून गंभीर झाले. "हे बघा, पुढची औषधं घरी देता येतील. गर्दी नको, धूळ नको, सर्दी-खोकला झालेलं माणूस जवळ नको. ताप शंभरच्या वर गेला तर फोन न करता सरळ घेऊन यायचं. बाकी पोरीला पोरीसारखी राहू द्या."

शेवटचं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही. गर्दी, धूळ, सर्दी, शंभर. एवढंच घोकत ती वॉर्डात परतली.

थंडी पडायला लागली होती तेव्हा भिंगरीला साधा ताप आला होता. त्या तापाचं निमित्त झालं आणि रक्ताचं दुखणं निघालं. तेव्हापासून आई खाटेशेजारच्या खुर्चीत होती. सारखे हात धुवून धुवून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांच्या कॉलरी शिवायची, पण आता सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर जमेल की नाही याची तिलाच शंका होती. आता बाहेर ऊन तापायला लागलं होतं. भिंगरी सात वर्षांची झाली तीही वॉर्डातच. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून ती जागच्या जागी गरगर फिरायची, चक्कर येऊन पडायची, खदाखदा हसायची आणि परत उभी राहून फिरायला लागायची. म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव.

आता ती भिंगरी खाटेवर पाय सोडून बसली होती. डोक्यावर केस नव्हते, कानाला अडकवलेला मास्क तिच्या चेहऱ्याला मोठा होत होता. वडील तिच्या पायांत बूट घालायला बसले, तर बूट लहान झाले होते.

"वाढलीस की गं तू!" ते म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला की शेजारच्या खाटेवरच्या पोराची आईसुद्धा हसली.

"मग आता चप्पल?" भिंगरीनं विचारलं.

"आता मी. मी आहे की तुझी चप्पल."

वडील रंगारी होते. लोकांची घरं रंगवायचे. दिवसभर काम आणि संध्याकाळी दवाखाना, असे इतके महिने काढले होते त्यांनी. रंगाचे भरलेले डबे जिन्यानं चढवायची सवय असलेल्या त्यांच्या हातांना पोर उचलताना रिकामा डबा उचलल्यासारखं वाटलं. त्यांनी तसं कुणाला दाखवलं नाही. उगाच "उफ्, काय वजन आहे!" म्हणून दाखवलं.

टॅक्सीत बसल्या बसल्या आईनं सगळ्या काचा वर केल्या. उकाड्यानं चालकाचा जीव मेटाकुटीला आला. "बाई, थोडी तरी उघडू का?" त्यानं दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा नाही म्हणाली. भिंगरी काचेला नाक लावून बसली होती. नाक लावू नकोस म्हणून आईनं तिला मागं ओढलं, काच पुसली, मग हात पुसले, मग भिंगरीचे हात पुसले.

"आई, सिस्टर घरी येणार का गं?"

"नाही. आता मीच सिस्टर."

ही बातमी भिंगरीला फारशी पसंत पडलेली दिसली नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. वडील तिला कडेवर घेऊन जिना चढले, आई पुढं जाऊन कठड्याला कुणाचा हात लागत नाही ना ते बघत होती. दार उघडलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर अशी काही चमक आली की आईला लगेच कळलं, यांनी काहीतरी करून ठेवलंय.

"डोळे मीट," ते भिंगरीला म्हणाले. स्वयंपाकघरापलीकडं एक अडगळीची खोली होती. त्यात त्यांच्या शिड्या, ब्रश, अर्धे डबे, जुने पडदे असायचे. ती त्यांनी पार रिकामी केली होती. भिंती फिक्या पोपटी, छत पांढरं, खिडकी आणि दार पिवळं. दाराच्या चारही कडांवरून, चौकटीवरूनसुद्धा रंगाचा जाड हात मारला होता. एका कोपऱ्यात नवी गादी, तिच्यावर धुतलेली चादर.

"उघड डोळे. तुझी खोली!"

भिंगरीनं डोळे उघडले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"हा कसला वास आहे?"

"कसला?"

"रंगाचा! अहो, ताजा रंग! हिला इथं झोपवणार तुम्ही?"

"ताजा कुठंय, आठवडा झाला. मला तर वास येत नाहीये."

"तुम्हाला कसा येईल? रंगाऱ्याचं नाक ते!" आईनं भिंगरीला त्यांच्या कडेवरून जवळजवळ हिसकावून घेतलं. "डॉक्टर काय म्हणाले होते? एक गोष्ट नीट विचारून करत नाही माणूस. एक!"

वडील खोलीच्या मधोमध उभे राहिले. काय करावं कळेना तेव्हा त्यांनी खिडकी उघडली. ती आधीच उघडी होती, म्हणजे बंद झाली. मग त्यांनी ती परत उघडली.

तेवढ्यात बाहेरच्या गॅलरीतून धडाक्यानं शिंक ऐकू आली.

भिंगरीचे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, ज्यांना घरातले सगळे अण्णा म्हणत, ते जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. नात घरी येणार म्हणून त्यांनी पहाटे उठून दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट चढवला होता. आणि नेमकी कालपासून सर्दी. दारातून आत यायला त्यांनी पाऊल उचललं, तर सुनेनं हात आडवा केला.

"अण्णा, तुम्ही बाहेर!"

"अगं, नुसतं लांबून..."

"लांबूनसुद्धा नाही. तुम्हाला शिंका येतायत."

अण्णांचं उचललेलं पाऊल तसंच मागं गेलं. सामाईक गॅलरीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांनी आपली खुर्ची ओढून घेतली आणि नाकातोंडाला रुमाल बांधून बसले. रात्रीपुरतं झोपायला शेजाऱ्यांकडं जायचं ठरलं.

अशी सगळी वरात स्वयंपाकघरात आली. भिंतीशी गादी घातली. आईनं फरशी पुसली, पुन्हा पुसली. ओट्यावर औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. आणि थर्मामीटर. पोर जागी असली की ताप बघायचा, झोपली की बघायचा, झोपेतून कूस वळली की बघायचा. रात्री आईला झोप लागेना. वॉर्डात कुठलं तरी यंत्र सतत पीं-पीं करत असायचं, ते वाजतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं तिला वाटायचं. इथं काहीच वाजत नव्हतं. ती उठून भिंगरीच्या नाकापुढं बोट धरायची. भिंगरी डोळे न उघडता म्हणायची, "आहे मी."

दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले नाहीत. घरात मात्र त्यांना काही काम उरलं नव्हतं. ते पेला उचलायला गेले की "हात धुतले का?" आणि धुवून आले की पेला आईच्या हातात. ते भिंगरीजवळ बसले की "तोंडावर बोलू नका तिच्या". शेवटी ते गॅलरीत जाऊन अण्णांशेजारी उभे राहिले.

"तुला पण उतरवलं का रे?" अण्णा रुमालाआडून म्हणाले.

"अर्ध्या वाटेत."

खिडकीच्या गजांपलीकडं भिंगरी फिदकन हसली. अण्णांना तेवढंच हवं होतं. "पुढं सरका, पुढं सरका! मध्ये जागा आहे. ओ ताई, तुम्ही डोक्यावर केस का नाही आणले? केसांचं वेगळं तिकीट लागतं म्हणून?"

"विसरले घरी!" भिंगरी म्हणाली.

"अण्णा!" आई कडाडली. पोरीच्या केसांवर कुणी बोललेलं तिला खपत नव्हतं. "जरा विश्रांती घेऊ द्या तिला. आणि खिडकी लावून घेते मी, शिंका उडतायत आत."

खिडकी लागली. भिंगरीचं हसू अर्धंच राहिलं. ती गादीवर पडली, छताकडं बघत. आईनं थर्मामीटर काढला.

"आत्ताच तर बघितला."

"परत बघूया."

"आई, मला नकोय."

"लाडू नाही गं देत मी, ताप बघतेय. तोंड उघड."

भिंगरीनं तोंड उघडलं. नव्याण्णव. आईनं थर्मामीटर झटकला, हात धुवायला नळाकडं वळली. दूध गॅसवर होतं ते बघितलं, ज्योत कमी केली. नळ बंद केला. मागं वळली तर गादी रिकामी.

"भिंगरी?"

बाथरूममध्ये नाही. बाहेरच्या खोलीत नाही. आणि मग आईचं लक्ष त्या पिवळ्या दाराकडं गेलं. कालपासून सताड उघडं ठेवलेलं दार आता बंद होतं. तिनं ते ढकललं. हललंसुद्धा नाही.

"अहो!" तिच्या तोंडून असा आवाज निघाला की गॅलरीतून वडील आणि त्यांच्या मागून अण्णा, दोघंही धावत आत आले. कुणी कुणाला अडवलं नाही.

वडिलांनी दाराला हात लावला आणि त्यांना सगळं समजलं. कडेवरचा आणि चौकटीवरचा जाड रंग एकमेकाला चिकटला होता. इतके दिवस दार उघडंच होतं, त्यामुळं ते घट्ट बसतं हे त्यांना कळलंच नव्हतं. पोरीनं आतून सगळी ताकद लावून ते ढकलून लावलं असणार. कडी तर आत नव्हतीच.

"घाबरू नकोस हं राजा," त्यांनी बाहेरून हाक मारली. "बाबा खांदा मारतो, लगेच उघडेल."

"नको मारूस," आतून आवाज आला. अगदी दारापाशी, खालून. "मी टेकून बसलेय दाराला."

"मग बाजूला हो."

"नाही होणार."

आईनं वडिलांचा दंड धरला. "ढकला ना! बघत काय उभे राहिलात?"

"अगं, ती मागं बसलीय. पाठीत लागेल तिच्या. एवढीशी हाडं तिची."

"मग काय असंच ठेवायचं? त्या वासात?" आई गुडघ्यावर बसली, दाराला तोंड लावून बोलायला लागली. "सोन्या, उघड. बाजूला हो बरं. औषधाची वेळ झालीय."

"नाही झाली. दुपारच्या औषधाला अजून वेळ आहे."

हे खरं होतं. वॉर्डात राहून पोरीला औषधांच्या वेळा तोंडपाठ झाल्या होत्या. आईनं दुसरी युक्ती केली. दाराखाली बोटभर फट होती. तिनं थर्मामीटर तिच्यातून आत सरकवला.

"बरं, नुसता ताप बघ. आणि मला आकडा सांग."

मग थर्मामीटर फटीतून परत बाहेर आला.

वडिलांना हसू फुटलं. त्यांनी ते दाबलं, पण आईनं पाहिलं. "हसा! तुमच्यामुळंच झालंय हे. रंग काय, खोली काय! तिकडं रात्र रात्र मी..." वडिलांचं हसू गेलं.

"माझ्यामुळं तर माझ्यामुळं," ते म्हणाले. "तू रात्र रात्र तिच्यापाशी होतीस. मी इथं होतो, रिकाम्या घरात. मी काय करायला हवं होतं? रंग येतो मला, तो लावला."

आतून काही आवाज येत नव्हता. मग अण्णा, जे इतका वेळ रुमाल घट्ट धरून मागं उभे होते, तिथूनच म्हणाले, "भिंगरे, काय करतेयस गं आत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही करत. बसलेय." थोडं थांबून ती म्हणाली, "इथं कुणी बघत नाहीये."

आईचा दारावर ठेवलेला हात तसाच राहिला. वॉर्डातला दिवा कधी बंद व्हायचा नाही. खाटेभोवतीचा पडदा कुणीही, केव्हाही सारायचं. लघवीला बसली तरी भांडं धरायला कुणी तरी असायचं. बहुतेक वेळा ते कुणी तरी म्हणजे आपणच, हे आईला उमगलं. डोळ्यात तेल घालून बघत राहायचं, आपली नजर हलली तर काही तरी होईल, या एका भीतीवर तिनं इतके दिवस ढकलले होते. पोरीला त्या नजरेचं ओझं होत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"किती वेळ बसणार?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"थोडा वेळ."

"खिडकी उघडी आहे ना?"

"हो."

"बरं," आई म्हणाली.

बरं म्हणाली खरी, पण बसवेना. ती उठली, ओट्यापाशी गेली, दूध उतू गेलं होतं ते पुसायला लागली, अर्धवट सोडून परत दारापाशी आली. कान लावला. परत गेली. वडील भिंतीला टेकून बोटांची नखं बघत होते. अण्णांना शिंक आली, त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. तिकडं आत भिंगरी कसलं तरी गाणं पुटपुटत होती. शब्द नव्हते त्यात, नुसतं तोंडातल्या तोंडात. आईनं ते ऐकलं आणि तिला वाटलं, हिचं गाणं शेवटचं कधी ऐकलं होतं आपण?

मग गाणं थांबलं.

"आई."

"काय गं?"

"मला थंडी वाजतेय."

बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. आईनं वडिलांकडं पाहिलं. "बाजूला हो, गादीवर जा, पटकन!" वडील ओरडले. आत पाय घासल्याचा आवाज आला. "गेलीस?" "हो." त्यांनी खांदा मारला. पहिल्या धक्क्याला नुसता रंग फाटल्याचा आवाज झाला, दुसऱ्याला दार धाडकन आत गेलं.

भिंगरी नव्या गादीवर चादर गुंडाळून बसली होती, दात वाजत होते. एका गालावर पिवळ्या रंगाचा फराटा. यावेळी थर्मामीटर पुढं केला तेव्हा तिनं आपणहून तोंड उघडलं. आकडा शंभरच्या वर होता.

आई-वडील तिला घेऊन खाली येईपर्यंत अण्णांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून, जन्मभर बस थांबवल्यासारखा हात दाखवून एक टॅक्सी अडवली होती. टॅक्सीत वडील मनात म्हणत होते, रंगामुळंच. आई मनात म्हणत होती, मी तिला तिथं बसू दिलं. अण्णा तिकडं रस्त्यावर उभे होते, त्यांना वाटत होतं, आपली सर्दी.

वॉर्डात तीच खाट नव्हती, ती दुसऱ्या कुणाला मिळाली होती. भिंगरीला दारापाशी जागा दिली. रक्त घेतलं, सुई लावली, सलाईन सुरू झालं. संध्याकाळी तेच डॉक्टर आले, तेव्हा आईनं एका दमात सगळं सांगून टाकलं. रंग, दार, शिंका, बंद खोली. कबुली दिल्यासारखं.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "रंगानं असा ताप येत नाही. सर्दी असती तर नाक वाहिलं असतं. या औषधांनी ताकद कमी होते, कुठला तरी बारीक जंतू डोकं वर काढतो, ताप येतो. तुम्ही शंभरला आणलंत, हेच बरोबर केलंत. असं अजून होईल. दोनदा होईल, चारदा होईल. याल, बरं होईल, परत जाल."

"म्हणजे मी काहीही केलं तरी?"

"काहीही केलं तरी." मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते म्हणाले, "सगळं तुमच्याच हातात असतं, तर आम्ही कशाला होतो?"

आईनं मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पण त्या रात्री खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, सिस्टर येऊन सलाईन बदलून गेली तरी तिला कळलं नाही.

ताप उतरला. आठवडा उलटायच्या आत पोर परत घरी आली. या वेळी टॅक्सीच्या काचा थोड्या खाली होत्या. वडिलांनी मधल्या काळात दार बिजागऱ्यांवरून काढून, कडा रंध्यानं तासून परत बसवलं होतं. आता ते बोटानं ढकललं तरी उघडायचं आणि लागायचं. दार पूर्णच काढून टाकावं असं आईनं एकदा सुचवलं होतं. "आणि पडदा लावू," ती म्हणाली होती.

"पडदा नको," भिंगरी वॉर्डातल्या खाटेवरून म्हणाली होती. "पडदा कुणीपण सरकवतं."

मग दार राहिलं. कडी लावायची नाही एवढ्यावर मिटलं. वासाचं म्हणाल तर आईनं खोलीत उभं राहून खूप वेळ हुंगलं आणि शेवटी म्हणाली, "आता नाही येत." येत होता थोडासा. अण्णांची सर्दी गेली होती, ते आत येऊन बसले आणि भिंगरीनं त्यांना दोनदा उठवून जागा बदलायला लावली.

दुपारी जेवण झाल्यावर भिंगरी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आई भांडी घासत होती. घासलेली परत घासत होती. मग हात पुसून ती दारापाशी आली. हात ढकलायला पुढं झाला. तो तिनं मागं घेतला आणि बोटाच्या पेरानं दारावर हळूच वाजवलं.

"येऊ का?"

"थांब."

आई थांबली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. पदर नीट केला, परत सैल केला. आत काही तरी सरपटल्याचा आवाज येत होता, गादी असावी, किंवा पोर स्वतः. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडं वडील आणि अण्णा तिच्याकडं बघत होते, ती बघतेय म्हटल्यावर दोघंही दुसरीकडं बघायला लागले.

"आई, गेलीस का?"

"नाही. आहे मी."

"अजून थोडं थांब हं."

"हो," आई म्हणाली, आणि थांबली.